रामगढ कोठे आहे?

बंगळूरहून म्हैसूरच्या जुन्या रस्त्याने निघालेल्या प्रवाशाला सुमारे पन्नास किलोमीटरांवर रामनगर लागते. गाव जवळ आल्याची खूण पाटीवरून कळण्यापूर्वीच क्षितिजावरून कळते. सपाट शेतांतून एकाएकी उघडेबोडके, घुमटाकार खडक वर आलेले दिसतात. एकावर एक कोणी हाताने रचून ठेवावेत, तसे काही प्रचंड धोंडे त्यांच्या माथ्यावर तोललेले असतात. बसमधील एखादा बाप खिडकीकडे बोट दाखवून मुलाला सांगतो, की गब्बरसिंग राहत होता तो हाच डोंगर. मुलगाही ते खरे मानतो. अर्कावती नदीच्या काठी वसलेले हे गाव रेशमाच्या कोशांच्या फार मोठ्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे, डोंगरावर रामाचे देऊळ आहे. परंतु ह्या गोष्टी बाप मुलाला सांगत नाही.

आपल्या राज्यात घडणारे, आपल्या आवडीचे ‘वेस्टर्न’ चित्रपट कोणते, हा प्रश्न अमेरिकेतील टेक्ससच्या वा अ‍ॅरिझोनाच्या रहिवाशाला विचारला, तर तो दहा नावे एका दमात सांगेल. तोच प्रश्न कर्नाटकात विचारला तर उत्तरादाखल एकच नाव येते, ते ‘शोले’चे. उत्तर चुकीचे नाही. पण ते जितके सरळ वाटते तितके सरळही नाही. ‘शोले’ कर्नाटकात चित्रित झाला, हे सर्वज्ञात आहे. तो कर्नाटकात ‘घडत’ मात्र नाही. त्यातील रामगढ कोणत्या राज्यात आहे हे चित्रपट कधीच सांगत नाही. पण तेथील ठाकूर, तेथील होळी, तेथील बोली ही सारी उत्तर हिंदुस्थानातील आहे. त्या गावात कानडीचा एक शब्दही कानी पडत नाही. भूमी एकीची आणि कथा दुसरीची, हा प्रकार नेमका काय आहे, आणि ज्या भूमीने आपले रूप उसने दिले तिच्या पदरात काय पडले, हाच प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

वस्तुतः उसन्या भूमीवर उभे राहणे हा वेस्टर्नचा जन्मसिद्ध धर्मच आहे. ह्या प्रकारातील पहिला गाजलेला चित्रपट म्हणजे एडविन पोर्टरचा ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’. तो १९०३ साली निघाला. त्यातील आगगाडीची लूट पश्चिमेकडील रानात घडते असे प्रेक्षकांनी मानले. चित्रीकरण मात्र न्यूयॉर्कच्या शेजारी, न्यू जर्सीत झाले होते. पुढे जॉन फोर्डने १९३९ च्या ‘स्टेजकोच’पासून अ‍ॅरिझोना व यूटा ह्यांच्या सीमेवरील मॉन्युमेंट व्हॅली पडद्यावर आणली आणि तेथील लाल वालुकाश्मांचे सपाट माथ्याचे सुळके म्हणजेच अमेरिकेचा ‘पश्चिम’ असे समीकरण जगभर रूढ झाले. त्याच्या १९५६ च्या ‘द सर्चर्स’ची कथा टेक्ससमध्ये घडते, चित्रे मात्र ह्याच दरीतील आहेत. टेक्ससच्या रहिवाशाने ती पाहून काय म्हटले असेल, ते त्यालाच ठाऊक! ही दरी नावाहो जमातीच्या भूमीत आहे. फोर्डने त्या लोकांना आपल्या चित्रपटांत कामेही दिली. परंतु ‘स्टेजकोच’मध्ये ते अपाची झाले, ‘द सर्चर्स’मध्ये कोमांची. स्वतःच्या अंगणात उभे राहून दुसऱ्याचे सोंग वठवण्याची पाळी त्यांच्यावर आली. इटलीच्या सर्जिओ लिओनेने तर १९६४ साली स्पेनमध्येच अमेरिका उभी केली, आणि तीही कुरोसावाच्या ‘योजिम्बो’ ह्या जपानी चित्रपटाच्या कथेवर. तेव्हा कर्नाटकाच्या खडकांत उत्तरेचे रामगढ वसले, ह्यात परंपरेला सोडून काही झाले नाही.

हिंदी चित्रपटांतील दरोडेखोर ‘शोले’पूर्वी खडकात राहत नव्हता. तो चंबळच्या खोऱ्यात, मातीच्या घळींत, ज्यांना तिकडे बेहड म्हणतात त्यांत राहत होता. सुनील दत्तच्या ‘मुझे जीने दो’ने १९६३ साली त्या घळी जशा आहेत तशा दाखविल्या. बेहड हे लपण्याचे स्थान आहे. तेथे माणूस जमिनीच्या खाली जातो. रामनगरचा खडक माणसाला वर नेतो. उंचावर उभा असलेला, पाठीमागे केवळ दगड आणि आकाश असलेला दरोडेखोर हा पाठलाग टाळणारा गुन्हेगार राहत नाही. तो एका मुलखाचा धनी होतो. सलीम-जावेद ह्यांनी लिहिलेला गब्बरसिंग दुष्ट आहेच. मात्र त्याच्या दुष्टपणाला जे भव्यत्व आले, त्यातील मोठा वाटा अमजद खानच्या आवाजाचा आणि तितकाच मोठा ह्या दगडांचा आहे, असे म्हणावयास हरकत नाही. पट्टा जमिनीवर घासत तो खडकावर येरझाऱ्या घालतो तो प्रसंग बेहडाच्या मऊ मातीत घडूच शकला नसता. तेथे आवाजच उमटला नसता.

ही जागा शोधण्याचे श्रेय कलादिग्दर्शक राम येडेकर ह्यांचे. दरोडेखोरांच्या कथेसाठी राजस्थान वा मध्य प्रदेश हा ठरलेला मुलूख. १९७१ च्या ‘मेरा गाँव मेरा देश’ने, ज्यातील दरोडेखोराचे नाव जब्बरसिंग होते, उदयपूरच्या परिसराची वाट धरली होती. येडेकरांनी दिग्दर्शक रमेश सिप्पी ह्यांना दक्षिणेत आणले. मग महामार्गापासून जागेपर्यंत रस्ता बांधण्यात आला आणि डोंगराच्या पायथ्याशी एक संपूर्ण गाव उभारण्यात आले. ऑक्टोबर १९७३ मध्ये चित्रीकरणास आरंभ झाला. ते संपावयास दोन वर्षांच्या आसपास काळ लागला.

ह्या दीर्घ काळात नेमके काय घडत होते, ह्याचे एक उदाहरण पुरेसे आहे. संध्याकाळी विधवा राधा हवेलीच्या सज्जातील दिवे एकेक करून मालवीत जाते आणि खाली पायरीवर बसलेला जय माउथ ऑर्गन वाजवीत तिच्याकडे पाहतो. पडद्यावर हा प्रसंग एक-दोन मिनिटांचा आहे. सूर्य मावळल्यानंतर आणि अंधार पडण्यापूर्वी जो काही क्षणांचा निळसर उजेड असतो, तोच ह्या प्रसंगाला हवा, असा छायालेखक द्वारका दिवेचा व दिग्दर्शक ह्यांचा आग्रह होता. तो उजेड दिवसातून एकदाच आणि थोडाच वेळ मिळतो. त्यातच ढग आले की तोही दिवस गेला. ह्या एका प्रसंगासाठी सुमारे वीस दिवस खर्ची पडले. दख्खनच्या पठारावरील सायंकाळ ज्याने पाहिली आहे त्याला त्या उजेडाची ओळख लगेच पटते. चित्रपटात कर्नाटकाचे नाव कोठे नाही; पण कर्नाटकाची सांज तेथे आहे, आणि ती कोणत्याही वेषांतराने लपलेली नाही.

आगगाडीवरील हल्ल्याचा प्रसंग मात्र रामनगरचा नव्हे. तो मुंबई-पुणे लोहमार्गाच्या परिसरात, पनवेलजवळ चित्रित झाला आणि त्याला सात आठवड्यांहून अधिक काळ लागला. म्हणजे कोकणात सुटलेली गाडी घाट न चढताच कर्नाटकात पोहोचते आणि उतारू उतरतात ते उत्तर हिंदुस्थानात! पाहणाऱ्याला ह्यातील काहीच खटकत नाही, हे संकलकाचे यश. संकलक म. स. शिंदे ह्यांच्यापुढे लाखो फूट लांबीची चित्रफीत येऊन पडली होती. तिच्यातून त्यांनी तीन तासांवर चालणारा, परंतु कोठेही न रेंगाळणारा चित्रपट काढला. त्या वर्षीच्या फिल्मफेअर पुरस्कारांत ‘शोले’ला मिळालेला एकमेव पुरस्कार शिंदे ह्यांच्या संकलनाचा होता. मराठी वाचकाने ह्या चित्रपटाकडे पाहताना येडेकर व शिंदे ह्या दोन नावांची नोंद अवश्य घ्यावी. कालिया झालेले विजू खोटे आणि इमामसाहेबांचा कोवळा मुलगा झालेले सचिन हे पडद्यावर दिसतात, म्हणून लक्षात राहतात. ज्याने दगड निवडले आणि ज्याने फीत कापली, ते दोघे नामावलीच्या पाटीबरोबर निघून जातात.

चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. आणीबाणी पुकारली गेल्याला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. मूळ कथेच्या अखेरीस हात गमावलेला ठाकूर खिळे ठोकलेल्या जोड्यांनी गब्बरला तुडवून ठार मारतो. निवृत्त असला तरी तो पोलीस अधिकारी. त्याने कायदा हाती घेतलेला दाखविणे परीक्षण मंडळाला मान्य झाले नाही. शेवट पुन्हा चित्रित करावा लागला आणि ऐन क्षणी पोलीस येऊन ठाकुराला आवरतात, असा बदल झाला. वेस्टर्नच्या दृष्टीने हा बदल साधा नाही. जेथवर कायद्याचा हात पोहोचत नाही अशा सीमेवरची कथा म्हणजे वेस्टर्न. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात हा चित्रपट पाच वर्षांवर चालला. त्या साऱ्या काळात प्रेक्षकांनी पाहिला तो, कायदा अखेरीस वेळेवर पोहोचतो असे सांगणारा. १९७५ सालच्या भारतात हे आश्वासन कोणाला हवे होते, हे सांगावयास नको. मूळ शेवटासह दुरुस्त केलेली आवृत्ती जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात, उघड्या चौकात दाखविण्यात आली. रामनगरच्या दगडांवर पन्नास वर्षांपूर्वी जे घडले होते ते अशा रीतीने प्रथम परदेशात मोठ्या पडद्यावर आले.

आता दुसऱ्या अर्थाच्या ‘पाश्चात्त्य’ चित्रपटाकडे वळू. ‘शोले’नंतर सुमारे दहा वर्षांनी ह्याच टापूत डेव्हिड लीन आला. ई. एम. फॉर्स्टरच्या १९२४ मधील ‘अ पॅसेज टु इंडिया’ ह्या कादंबरीवरचा चित्रपट त्याला काढावयाचा होता. कादंबरीतील मराबार गुहांच्या मुळाशी बिहारमधील गयेजवळच्या बराबर टेकड्यांतील गुहा आहेत. मौर्यकाळात खोदलेल्या त्या गुहांच्या भिंती आरशासारख्या घासलेल्या आहेत आणि आत उच्चारलेला शब्द दीर्घकाळ घुमत राहतो. कादंबरीचा सारा डोलारा त्या प्रतिध्वनीवर उभा आहे. परंतु लीनच्या कॅमेऱ्याला हवी होती ती भव्यता बाहेरून, दुरून दिसणारी. ती त्याला सावनदुर्ग आणि रामदेवर बेट्ट येथे मिळाली. तेथे गुहा नव्हत्या, म्हणून त्याच्या माणसांनी खडकात गुहांची तोंडे कोरून घेतली. १९८४ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला. पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट हिला अभिनयाचे आणि मोरिस जार ह्यास संगीताचे ऑस्कर मिळाले. अशा प्रकारे एकाच खडकाने एका दशकात दोन वेषांतरे केली. एकदा तो चंबळच्या आसपासचा मुलूख झाला, एकदा बिहार.

सावनदुर्गाला स्वतःची कथा नव्हती काय? होती, आणि ती कोणत्याही वेस्टर्नला शोभावी अशी होती. एकसंध दगडाच्या ह्या अवाढव्य डोंगरावरील किल्ला दुर्जेय समजला जात होता. डिसेंबर १७९१ मध्ये, टिपू सुलतानाविरुद्धच्या तिसऱ्या युद्धात, कॉर्नवॉलिसच्या फौजेने तो थोड्याच दिवसांत घेतला. त्या युद्धात मराठे इंग्रजांच्या बाजूने होते. त्याच्याही पूर्वी, १६३८ मध्ये, विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे ह्या प्रदेशात आले आणि बंगळूर केंपेगौडांकडून जाऊन त्यांच्या जहागिरीचे ठाणे झाले. रामनगरचे इंग्रजी अमदानीतील नाव क्लोजपेट. ज्या बॅरी क्लोजच्या नावावरून ते पडले, तो आधी म्हैसूरचा आणि नंतर पुण्याचा रेसिडेंट. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाशी वसईचा तह त्यानेच घडवून आणला. मराठी माणसाला हे नाव विसरता येण्यासारखे नाही. भूगर्भशास्त्राने मात्र ते कायमचे दगडात कोरून ठेवले आहे. हा सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट जगभर ‘क्लोजपेट ग्रॅनाइट’ ह्या नावानेच ओळखला जातो. सह्याद्रीचा काळा पाषाण त्याच्यापुढे अगदीच पोरसवदा. त्याचे वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. जाता जाता एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. थरांवर थर आणि वर सपाट माथा, अशी घडण पाहावयाची तर मॉन्युमेंट व्हॅलीचे नाते रामनगरपेक्षा नाशिककडील डोंगरांशी अधिक जवळचे आहे.

मग कर्नाटकाच्याच भूमीवरची, कर्नाटकाच्याच भाषेतील, अशा जातीची कथा कोणी सांगितली की नाही? सांगितली, आणि ती सांगणारा जन्माने माथेरानचा होता. गिरीश कार्नाड ह्यांनी १९७८ मध्ये ‘ओंदानोंदु कालदल्लि’, म्हणजे ‘एके काळी’, हा कन्नड चित्रपट दिग्दर्शित केला. काळ मध्ययुगीन, स्थळ कर्नाटकाचे रान. सामंतांच्या भाऊबंदकीत पैशासाठी लढणारे दोन योद्धे प्रथम एकमेकांसमोर उभे ठाकतात आणि मग, ज्यांच्यासाठी लढलो ते आपल्या रक्ताच्या लायकीचे नव्हते, हे दोघांनाही उमगते. ह्या चित्रपटावर कुरोसावाची छाया आहे, आणि ती कार्नाडांनी लपविली नाही. ‘सेव्हन समुराई’वरून अमेरिकेने १९६० मध्ये ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ केला; लुटारूंनी गांजलेल्या गावासाठी भाडोत्री शूर आणण्याची ती कल्पना पुढे ‘शोले’पर्यंत आली. कार्नाडांनी अमेरिकेचा वळसा टाळला. ते थेट झऱ्यापाशी गेले आणि पाणी आपल्या घागरीत भरून आणले.

ह्यातील तरुण योद्धा झालेले शंकर नाग मुंबईच्या मराठी रंगभूमीवर वावरलेले. ‘२२ जून १८९७’ ह्या मराठी चित्रपटाच्या लेखनात पुढे त्यांचा हातभार होता. कन्नडमधील ही त्यांची पहिलीच भूमिका. तिच्यासाठी १९७९ च्या भारतातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्यांना उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. ‘ओंदानोंदु कालदल्लि’मध्ये ‘शोले’चा भव्य पडदा नाही, सत्तर मिलिमीटरचा नाद नाही. परंतु त्यातील माणूस रानात शिरतो तेव्हा ते रान त्याचेच असते; तेथे तो ज्या भाषेत शिव्या देतो आणि ज्या भाषेत मरतो, ती त्या मातीची भाषा असते. ‘शोले’ अधिक थोर की हा, हा वाद येथे घालावयाचा नाही. तथापि ‘आपल्या राज्यात घडणारा’ ह्या शब्दांचा अर्थ काटेकोरपणे घेतला, तर कर्नाटकाच्या रहिवाशाने पहिले नाव ह्याचे घ्यावयास हवे, आणि ते सहसा घेतले जात नाही. अलीकडे, २०१८ व २०२२ मध्ये दोन भागांत आलेल्या ‘केजीएफ’ने कोलारच्या सोन्याच्या खाणींचे खरे नाव घेऊन एक खोटे साम्राज्य उभारले. त्या खाणी २००१ मध्ये बंद पडल्या. तेथील मजुरांच्या खऱ्या वसाहतीची कथा त्या चित्रपटाच्या धुरळ्यात दिसेनाशी होते. त्यापेक्षा अधिक त्याविषयी सांगण्यासारखे नाही.

रामनगरच्या पदरात काय पडले, ह्याचा हिशेब अजून बाकी आहे. चित्रीकरणाचे गाव मोडले गेले. काही काळ गावाच्या एका भागाला सिप्पीनगर म्हणत असत. प्रवासी येत राहिले आणि ‘शोले’चे खडक पाहून जात राहिले. परंतु डोंगराचे जे जुने रहिवासी होते ते लांब चोचीचे गिधाड. हा पक्षी झाडापेक्षा उंच कड्याच्या कपारीत घरटे करणे पसंत करतो. रामदेवर बेट्टाचे उभे कडे त्याला फार सोयीचे. जनावरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफेनॅक ह्या वेदनाशामक औषधाचा अंश मेलेल्या गुरांच्या मांसातून पोटात जाऊन देशभरातील गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधाला बंदी झाली, तोवर फारच थोडी उरली होती. उरलेल्यांसाठी २०१२ मध्ये कर्नाटक शासनाने ह्या डोंगराचा सुमारे ३४६ हेक्टरांचा प्रदेश गिधाडांचे अभयारण्य म्हणून घोषित केला. देशातील हे अशा प्रकारचे पहिलेच अभयारण्य.

पुढे २०१८ च्या सुमारास ह्याच ठिकाणी ‘शोले’च्या नावाने पर्यटकांसाठी देखावा उभारण्याची कल्पना निघाली, तेव्हा पक्षिप्रेमींनी तिला विरोध केला. दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे होते. गावाला रोजगार हवा होता, आणि तो एका चित्रपटाच्या आठवणीवर मिळत असेल तर त्यात गैर काय, हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. पण त्या चित्रपटाने ज्या डोंगराला निर्जन, भयाण, कोणाचाही नसलेला मुलूख म्हणून दाखविले, तो तसा कधीच नव्हता. तेथे देवळाच्या पायऱ्या होत्या, पायथ्याशी मळे होते, कपारीत घरटी होती. कॅमेऱ्याच्या चौकटीतून हे सारे वगळले, म्हणूनच रामगढ उभे राहू शकले.

नावांच्या बाबतीत ह्या गावाचे दैव विचित्रच आहे. टिपूच्या काळी त्याला शमशेराबाद म्हणत, मग ते क्लोजपेट झाले, स्वातंत्र्यानंतर रामनगर. २००७ मध्ये त्याच्या नावाने स्वतंत्र जिल्हा झाला आणि २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जिल्ह्याचे नाव बदलून बंगळूर दक्षिण असे ठेवले. रामनगर आता त्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आहे. रेशीमकोशांच्या बाजारात सकाळी लिलाव सुरू होतो तेव्हा आसपासच्या खेड्यांतून शेतकरी पोती घेऊन येतात आणि बोली कानडीत लागते. बाहेर रस्त्यावर एखादी मोटार थांबते, परगावची माणसे उतरतात आणि मोडक्यातोडक्या हिंदीत रामगढची वाट विचारतात. ज्याला विचारले तो हसतो, आणि डोंगराकडे हात करतो.